घाटकोपरची लक्ष्मी, बव्हेरियाचा दगड

छापखान्यात आयुष्य गेलेल्या माणसाला म्युझियममध्ये नेऊ नये. बाकीची मंडळी चित्रापासून चार पावलं मागे उभी राहतात आणि मान कलती करून बघतात. हा पुढे वाकून नाक लावतो. माझी मुलगी म्युनिकला असते. तिने मला तिथल्या आल्टे पिनाकोथेकमध्ये नेलं, तेव्हा पहिल्याच दालनात रखवालदार बाईंनी मला हाताच्या खुणेने मागे सरकवलं. मुलगी ओशाळली. पण घाटकोपर आणि साकीनाक्याच्या गाळ्यांत ऑफसेट मशीनपाशी उभं राहून ज्याने लग्नपत्रिका, औषधांची लेबलं आणि देवांची कॅलेंडरं छापली, त्याला चित्र लांबून बघायची सवय कुठून असणार? आमच्या खिशात कायम लूप, म्हणजे छोटं भिंग. रजिस्टर बसलंय का, म्हणजे रंग एकमेकांवर अचूक पडलेत का, ठिपका फुटलाय का, शाई जास्त तर झाली नाही ना, एवढंच बघायचं.

हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे लिहितोय ते चित्रकलेच्या जाणकाराचं नाही. जर्मन कलेची पाच शतकं एका छापणाऱ्याला कशी दिसली, तेवढंच. आणि बघून झाल्यावर माझं मत असं पडलं की इटलीची कला बघायला भिंतींकडे बघावं आणि जर्मनीची बघायला कपाटांचे खण उघडावेत. जर्मनांचं सगळ्यात मोठं चित्र हे छापलेलं चित्र आहे. त्यातलं एक घराणं फिरत फिरत आपल्या घाटकोपरला येऊन राहिलं होतं, हे घाटकोपरमध्ये जन्म काढलेल्यांनाही सहसा ठाऊक नसतं.

आल्टे पिनाकोथेकची इमारत १८३६ मध्ये खुली झाली. बव्हेरियाचा राजा पहिला लुडविग याने ती लिओ फॉन क्लेन्झ या वास्तुविशारदाकडून बांधून घेतली. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडून तिचा मोठा भाग कोसळला. नंतर हान्स ड्योलगास्टने ती पुन्हा उभी केली, पण पडलेला भाग साध्या विटांनी भरून तसाच उघडा ठेवला. बाहेरून ठिगळ स्पष्ट दिसतं. आपल्याकडे असतं तर वरून प्लॅस्टर मारून झकास रंग काढला असता.

आत आल्ब्रेश्ट ड्यूररने १५०० साली लाकडी फळीवर रंगवलेलं स्वतःचं चित्र आहे. अठ्ठावीस वर्षांचा माणूस, खांद्यावर कुरळे केस, एका हाताने कोटाची फर धरलेली, चेहरा थेट समोर. त्या काळी असं समोरून रंगवायचं ते येशूला. लोक त्याच्या डोळ्यांकडे बघत होते. मी डाव्या कोपऱ्यात बघत होतो. तिथे सालाखाली एक खूण आहे: रोमन लिपीतला रुंद ए आणि त्याच्या दोन पायांमध्ये बसवलेला छोटा डी. ही नुसती सही नाही, हा ट्रेडमार्क आहे. ड्यूररच्या छापील चित्रांना इतकी मागणी होती की इटलीत मार्कांतोनियो रायमोंदी नावाच्या कारागिराने ती खुणेसकट कॉपी करून विकायला काढली. वसारी नावाच्या इटालियन चरित्रकाराने लिहून ठेवलंय की ड्यूररने व्हेनिसमध्ये तक्रार केली आणि निकाल लागला तो असा: चित्र कॉपी करा, खूण मात्र वापरायची नाही. मला हा निकाल वाचून हसू आलं. आमच्या धंद्यात आजही याच्या पलीकडे कोणी गेलेलं नाही.

ड्यूरर न्युर्नबर्गच्या सोनाराचा मुलगा. जन्म १४७१. त्याचा धर्मपिता आंटोन कोबर्गर हा त्या शहरातला बडा मुद्रक. म्हणजे एका घरात धातूवर कोरणं आणि दुसऱ्या घरात कागदावर छापणं, असा दुहेरी संस्कार. १४९८ मध्ये त्याने बायबलमधल्या प्रलयावर पंधरा मोठ्या लाकूडठशांचं पुस्तक काढलं आणि प्रकाशकही स्वतःच झाला. त्याची बायको आग्नेस फ्रँकफर्टच्या जत्रेत ठसे विकायची, आई न्युर्नबर्गच्या बाजारात बसायची. १५०९ मध्ये याकोब हेलर नावाच्या एका गिऱ्हाइकाला लिहिलेल्या पत्रात ड्यूरर वैतागून सांगतो की तैलचित्रात वेळ घालवण्यापेक्षा ठसे कोरत बसलो असतो तर आज हजार गुल्डनने श्रीमंत असतो. चित्राचं एकच गिऱ्हाईक असतं आणि ते भाव पाडून मागतं. छापलेल्या चित्राची गिऱ्हाइकं शंभर असतात आणि त्यातलं एक गेलं तरी बिघडत नाही. चारशे वर्षांनी आपल्याकडच्या एका चित्रकाराने हेच गणित मांडलं. त्याचं मात्र गणित चुकलं. त्याच्याकडे येतोच.

ड्यूररचा सगळ्यात गाजलेला लाकूडठसा गेंड्याचा आहे, आणि तो गेंडा आपल्या बाजूचा. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशहा याने तो पोर्तुगीजांच्या अल्बुकर्कला नजराणा म्हणून दिला. अल्बुकर्कला हवा होता दीवला किल्ला बांधायचा परवाना, मिळाला गेंडा. त्याने तो गोव्याहून जानेवारी १५१५ मध्ये जहाजावर चढवला आणि पोर्तुगालच्या राजाकडे धाडला. २० मे रोजी गेंडा लिस्बनला उतरला. राजाने त्याची हत्तीशी झुंज लावली तर हत्तीच पळून गेला. पुढे राजाने तो पोपला भेट म्हणून रवाना केला आणि वाटेत इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं. साखळदंडाने बांधलेला तो प्राणी जहाजाबरोबर तळाशी गेला.

ड्यूररने त्याला कधी पाहिलंच नाही. लिस्बनहून न्युर्नबर्गला एक पत्र आणि एक कच्चं रेखाटन आलं, त्यावरून त्याने चित्र काढलं आणि फळीवर उतरवलं. म्हणून त्याचा गेंडा चिलखत घातलेल्या शिपायासारखा दिसतो: अंगावर पत्रे, पायांवर खवले आणि मानेच्या मागे एक जादा छोटं शिंग, जे कुठल्याही गेंड्याला नसतं. असं असूनही अठराव्या शतकापर्यंत युरोपातल्या पुस्तकांत हाच गेंडा खरा म्हणून छापला जात होता. चुकीचं चित्र हजारो प्रतींनी छापलं की ते बरोबर ठरतं, याला जुना पुरावा हवा असेल तर हा घ्या.

छापणाऱ्याच्या नजरेला यात आणखी एक गंमत दिसते. ठशाचं माप आहे साधारण २१ बाय ३० सेंटिमीटर, म्हणजे आपला ए-फोर. अर्थात ड्यूररला ए-फोर माहीत नव्हता. हा आकार जर्मनीतच १९२२ मध्ये ठरला, डीआयएन ४७६ या प्रमाणाने. आज मुलुंडच्या झेरॉक्सवाल्यापासून मंत्रालयातल्या फायलीपर्यंत सगळे त्या जर्मन कागदावर चालतात.

गोव्यातून माल एकाच दिशेने गेला असंही नाही. जेझुइट पाद्री गोव्याहून अकबराच्या दरबारी गेले, तेव्हा त्यांच्या सामानात युरोपातले छापील ठसे होते. १६०० साली अबुल हसन नावाच्या तेरा वर्षांच्या पोराने ड्यूररच्या ताम्रठशातली सेंट जॉनची आकृती बघून रेखाटली. तो पुढे जहांगीरचा लाडका चित्रकार झाला. ते रेखाटन आज ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन म्युझियममध्ये आहे. ड्यूररची तैलचित्रं इकडे यायला कोणी जहाज दिलं नसतं. कागद मात्र गुंडाळी करून कुठेही जातो.

पिनाकोथेकमध्ये ड्यूररच्या काळातले आणखी दोघे नजरेत भरले. एक आल्टडोर्फर. त्याच्या १५२९ च्या चित्रात अलेक्झांडरचं सैन्य आणि इराणचं सैन्य मुंग्यांसारखं भिडलंय आणि वर आकाशात सूर्य बुडतोय. एकेका शिपायाचा भाला मोजून घ्यावा. दुसरा क्रानाख, जो विटेनबर्गमध्ये चित्रशाळा चालवायचा, औषधांचं दुकान चालवायचा आणि मार्टिन ल्यूथरच्या बायबलासाठी चित्रंही करून द्यायचा. असे धंदेवाईक लोक मला जवळचे वाटतात. त्यानंतरची दालनं मी भराभर ओलांडली. १६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धाने जर्मन मुलूख उजाड करून टाकला होता आणि चित्रांतही ती रया पुढे बराच काळ दिसत नाही. एकोणिसाव्या शतकातला कास्पार डाव्हिड फ्रीडरिश लोकांना फार आवडतो. धुकं, कडे, पाठमोरा माणूस. चांगला आहे. माझ्या मुलीच्या फोनवर त्याचंच चित्र आहे, म्हणून जास्त बोलत नाही.

मला खरं बघायचं होतं ते खणांतलं. म्युनिकमध्ये छापील चित्रांचा आणि रेखाटनांचा सरकारी संग्रह वेगळा आहे. उजेडाने कागद पिवळा पडतो आणि शाई उडते, म्हणून हा माल कायम भिंतीवर टांगत नाहीत. पेट्यांत ठेवतात आणि अभ्यासिकेत मागितला तर टेबलावर आणून देतात. मुलीने आधी कळवून ठेवलं होतं. ड्यूररच्या प्रलयातले घोडेस्वार समोर आले. काचेचा अडसर नाही, मागे सरकवणारं कोणी नाही. काळी रेघ जिथे जाड होते तिथे शाई कागदात किंचित दबलेली दिसत होती आणि तिच्या कडेला शाईचीच बारीक किनार उठलेली होती. लाकडाचा उठाव कागदावर दाबला की असंच होतं. लेटरप्रेसवर काम केलेला कोणीही हे बोटाने ओळखेल. मी बोट लावलं नाही.

याच शहरात १७९६ च्या सुमारास आलोइस सेनेफेल्डर नावाचा एक कडका नाटककार राहत होता. नाटकं छापून घ्यायला पैसे नव्हते, म्हणून तो स्वतःच छपाईच्या खटपटी करायचा. गोष्ट अशी सांगतात की आईने धोब्याला द्यायच्या कपड्यांची यादी लिहायला सांगितली, हाताशी कागद नव्हता, तेव्हा त्याने मेण, साबण आणि काजळी यांच्या शाईने ती जवळच्या दगडावर लिहिली. यादी खरी की खोटी, सोडून द्या. त्यातून पुढे जे निघालं ते पक्कं. सोल्नहोफेनच्या खाणीतला बारीक पोताचा चुनखडी दगड घासून सपाट करायचा. त्यावर तेलकट खडूने चित्र काढायचं. मग डिंक आणि थोडं आम्ल यांचा हात फिरवायचा आणि दगड ओला करायचा. कोरा भाग पाणी धरतो, तेलकट भाग पाणी झटकतो. आता शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त चित्राला लागते. ना उठाव, ना खाच. दगड सपाटच राहतो आणि तरी छापतो. हीच शिळाछपाई.

ऑफसेटवाल्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. आमच्या मशीनवरही तेच: प्लेटला एका बाजूने पाण्याचे रोलर, दुसऱ्या बाजूने शाईचे. मशीन थांबवायचं तर प्लेटला आधी गम मारा, नाहीतर सकाळी प्लेट काळी. हा गम म्हणजे सेनेफेल्डरचाच डिंक. मुंबईच्या निम्म्या छापखान्यांत हायडलबर्ग हे नाव मशीनमनच्या तोंडी देवासारखं असतं. मशीन जर्मन आहे हे सगळ्यांना माहीत, पण आतली युक्तीही जर्मन आहे आणि ती एका नाटककाराने काढली, हे मला म्युनिकमध्ये कळलं.

सोल्नहोफेन म्युनिक आणि न्युर्नबर्गच्या मधल्या डोंगराळ भागात आहे. दगड पंधरा कोटी वर्षांपूर्वीच्या खाऱ्या पाण्यातल्या गाळाचा. थर इतके सपाट की पाटी सोलावी तसे निघतात. १८६१ मध्ये या खाणींत एक पीस आणि नंतर पंख असलेल्या आदिम प्राण्याचा सांगाडा सापडला; त्या आर्किओप्टेरिक्सच्या शास्त्रीय नावात शिळाछपाईचा उल्लेख आहे, कारण खाणकाम चाललं होतं ते छापखान्यांसाठी. जगभर हाच दगड जात होता.

मुंबईत शिळाप्रेस बऱ्याच आधी रुजला होता. गणपत कृष्णाजींनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्वतःचा छापखाना काढून पंचांगं आणि पोथ्या छापल्या. छपाईच्या शाईत चरबी असते म्हणून सोवळी मंडळी छापील पोथीला शिवत नसत, तेव्हा त्यांनी तुपाची शाई केली असं सांगतात. तेलकट पदार्थाशिवाय दगड छापतच नाही, त्यामुळे चरबीच्या जागी तूप ही तडजोड शास्त्राला आणि धर्माला दोन्हीकडे चालली. पण हे सगळं एकरंगी काम. रंगीत देव मुंबईत बाहेरून यायचे, आणि त्यातले कितीतरी जर्मनीत छापलेले असायचे.

राजा रविवर्मांनी हा बाजार ओळखला. त्यांच्या तैलचित्रांना संस्थानिकांकडून मागणी होती, पण चित्र एक आणि मागणारे अनेक. माजी दिवाण टी. माधवराव यांनी १८८४ मध्येच त्यांना सुचवलं होतं की निवडक चित्रं युरोपात पाठवून त्यांच्या छापील प्रती काढून घ्या. रविवर्मांनी प्रती बाहेर छापून घेण्याऐवजी १८९४ मध्ये मुंबईतच छापखाना घातला. मशीन जर्मनीचं, कारागीर जर्मन, भांडवलाला गोवर्धनदास खटाव मखनजी भागीदार. पहिलं छापलेलं चित्र शकुंतलेच्या जन्माचं. १८९९ मध्ये लोणावळ्याजवळच्या मळवलीला जाण्याआधी हा छापखाना घाटकोपरला होता. तेव्हाचं घाटकोपर मुंबई शहरात नव्हतं. साष्टी बेटावरचं खाडीकाठचं गाव, आगगाडीच्या रुळाला लागून. बव्हेरियाचे दगड तिथे उतरले आणि त्यांच्यावर लक्ष्मी उमटली.

ही छपाई किती कठीण, हे फोर कलरच्या माणसाला विचारा. आम्ही चार प्लेटांत सगळे रंग काढतो आणि ते वेगळे करायचं काम यंत्र करतं. तिथे प्रत्येक रंगाला वेगळा दगड, दहा-बारा, कधी त्याहून जास्त. मूळ तैलचित्रातल्या गालाच्या एका छटेत किती पिवळा, किती गुलाबी, किती राखाडी आहे हे कारागिराने डोळ्यांनी ओळखायचं आणि ते प्रमाण ठिपक्यांनी दगडावर उतरवायचं, तेही आरशातल्यासारखं उलटं. मग तोच कागद एकामागून एक सगळ्या दगडांखाली घालायचा. एका दगडाचं रजिस्टर केसभर हललं तरी देवीचे ओठ ओठांच्या बाहेर. शेवटी वार्निश मारून कागदावर कॅनव्हासचा पोत उठवायचा, की झालं ओलिओग्राफ, दुरून तैलचित्र.

आमच्या आजीच्या खोलीत अशी एक लक्ष्मी होती. आता ती माझ्याकडे मुलुंडला आहे. गुलाबी कमळावर उभी, बाजूला सोंडेत माळ धरलेला हत्ती. साडीवर आजीने की तिच्या सासूने खरी जर आणि टिकल्या शिवल्या आहेत. तेव्हाच्या बायका असं करत. खालच्या पट्टीत इंग्रजीत रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा. म्हणजे ही घाटकोपरच्या नंतरची. लूप लावला की दिसतं: गालावर बारीक ठिपके, पण एकही ठिपका दुसऱ्यासारखा नाही, कारण ते हाताने दिलेले आहेत. नाकाजवळ दाट, कानाकडे विरळ. हनुवटीखाली निळसर राखाडी ठिपक्यांची एक ओळ आहे, ती दुरून मुळीच दिसत नाही, पण ती बोटाने झाकली की चेहरा सपाट होतो. हे काम करणाऱ्याचं नाव कुठेही नाही. हातावर एका जागी लाल दगड थोडा खाली घसरलाय, म्हणून बोटांच्या कडेला तांबडी सावली पडलीय. पिवळा उडालाय, निळा टिकून आहे. शंभर वर्षांत पिवळा बहुधा उडतोच.

चेहरा मात्र आपल्याकडचा. गायिका अंजनीबाई मालपेकर यांना बसवून रविवर्मांनी चित्रं काढली असं सांगतात. देवळात ज्यांना पाऊल ठेवता येत नव्हतं, त्यांच्याही घरी ही छापील लक्ष्मी पोचली. एवढं मोठं काम करून धंदा मात्र बुडाला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, माणसं गाव सोडून पळाली. कर्ज वाढत गेलं. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला रविवर्मांनी छापखाना त्यांच्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रिट्झ श्लायशर यांना विकून टाकला. ड्यूररला ठशांनी तारलं. आपल्या चित्रकाराला ठशांनी खड्ड्यात घातलं. का? माझं उत्तर सरळ आहे. ड्यूरर स्वतः कोरणारा, त्याची बायको विकणारी. इथे महागडं यंत्र, परदेशी दगड, पगारी गोरे कारागीर आणि माल स्वस्त विकायचा. श्लायशरने काय केलं? देव छापायचे थांबवले नाहीत, पण जोडीला लेबलं आणि जाहिराती घेतल्या. देवांच्या फोटोंवर प्रेस चालत नाही, लेबलांवर चालतो. मी आयुष्यभर तेच केलं. छापखाना त्यांच्यानंतरही चालू राहिला आणि १९७२ च्या आगीत संपला.

याच लोणावळ्याच्या छापखान्यासाठी धुंडिराज गोविंद फाळके काम करत होते. पुढे त्यांनी दादरला स्वतःचा लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स चालवला आणि १९०९ मध्ये रंगीत छपाईच्या यंत्रासाठी जर्मनी गाठली. चित्रपटाचा नाद लागला तो त्यानंतर. शाळेत आपल्याला फाळके सिनेमापासून शिकवतात. त्यांची छापखान्याची वर्षं कोणी सांगत नाही.

रविवर्मांचा छापखाना मुंबईत चालू होता त्याच वर्षांत बर्लिनमध्ये केथे कोल्विट्झ नावाची एक बाई तसाच दगड समोर घेऊन बसली होती. नवरा कामगारवस्तीत डॉक्टर. १८९३ मध्ये तिने सायलेशियातल्या विणकरांच्या बंडावरचं नाटक पाहिलं आणि त्या विषयावर सहा चित्रं केली, तीन शिळाछाप आणि तीन ताम्रठसे. १८९८ मध्ये ती प्रदर्शनात लागली. परीक्षकांनी सुवर्णपदक सुचवलं, कैसरने नकार दिला. बर्लिनच्या कोल्विट्झ म्युझियममध्ये मी पहिलं चित्र बघितलं, हाताच्या पंजाएवढं. अंधारी खोली, मागे माग, पुढे बिछान्यावर वाळलेलं पोर आणि त्याच्यावर डोकं धरून वाकलेली आई. उजेड फक्त उशीवर आणि पोराच्या चेहऱ्यावर, आणि तो उजेड म्हणजे शाई न लागलेला कोरा कागद. एकच दगड, एकच काळा रंग. लालबागला मामाच्या घरी गिरणी संपाचे दिवस पाहिलेल्या माणसाला त्या चित्राखालची पाटी वाचावी लागत नाही.

१९३३ मध्ये नाझींनी कोल्विट्झला कला अकादमीतून बाहेर पडायला लावलं. १९३७ मध्ये म्युनिकमध्येच त्यांनी दोन प्रदर्शनं एका दिवसाच्या अंतराने उघडली: एक सरकारमान्य थोर जर्मन कलेचं आणि दुसरं ‘विकृत’ कलेचं, टिंगल करायला जमवलेल्या साडेसहाशेच्या आसपास कामांचं. दुसऱ्याला चार महिन्यांत वीस लाखांवर लोक आले. फ्रान्झ मार्कचे निळे घोडेही त्यात टांगले होते. मार्क पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी लढताना मेला होता, म्हणून माजी अधिकाऱ्यांनी बोंब मारली आणि चित्र उतरवावं लागलं. ते नंतर कायमचं हरवलं. मार्कचा दुसरा निळा घोडा, १९११ चा, म्युनिकच्या लेनबाखहाउसमध्ये सुखरूप आहे.

त्या काळात युरोपातून सुटून मुंबईला आलेल्यांत बर्लिनचे रुडी फॉन लायडन होते आणि ऑस्ट्रियाचे वॉल्टर लँगहॅमर. लायडन १९३३ मध्ये आले आणि टाइम्स ऑफ इंडियात कलासमीक्षा लिहू लागले. लँगहॅमर तिथेच कलासंचालक झाले. आरा, रझा, हुसेन, गाडे या तरुण पोरांना त्यांनी हात दिला. या पोरांनी आधुनिक जर्मन चित्रकला पाहिली ती बहुतेक छापील प्रतिकृतींतच. पुन्हा कागदच. लायडन यांना गंजिफांचा नाद होता. सावंतवाडीला रंगवतात ते खेळायचे पत्ते. त्यांनी मोठा संग्रह केला आणि त्यावर पुस्तकही लिहिलं.

कोल्विट्झचा खरा वारसा उपनगरात आला तो अंधेरीला. चित्तप्रसाद हे बंगाली चित्रकार १९४३ च्या दुष्काळात गावोगाव हिंडून भुकेल्या माणसांची रेखाटनं करत होते. त्यांचं पुस्तक निघालं आणि इंग्रज सरकारने जप्त करून जाळलं. स्वातंत्र्याच्या आगेमागे ते मुंबईला आले आणि पुढची तीसेक वर्षं अंधेरीत एका खोलीत राहिले. कम्युनिस्ट पक्ष सुटला, पैसा आला नाही. दगड परवडत नाही, तांबं परवडत नाही, तर त्यांनी लिनोलियम घेतलं, जमिनीवर अंथरायचं असतं ते. चाकूने कापायचं, शाई लावायची, कागद ठेवून पाठीमागून दाबायचं. प्रेसही लागत नाही. मजुरी करणारी मुलं, शेतकरी, आईच्या खांद्यावरचं पोर: काळ्या-पांढऱ्याचा तोच कोल्विट्झी तडाखा, पण रेघ वळते ती बंगालच्या पटासारखी. मुलांसाठी ते कळसूत्री बाहुल्यांचे खेळही करत. १९७८ मध्ये कोलकात्यात वारले. परदेशी म्युझियमांत त्यांचं काम आहे. अंधेरी स्टेशनवरून रोज लाखो माणसं जातात, त्यांना हे नाव सांगणारं काही तिथे नाही, आणि याचा मला राग येतो.

आता एक कामाची गोष्ट. जुनी रविवर्मा म्हणून फ्रेमवाले आणि भंगारवाले चित्रं विकतात. त्यातली बरीच अलीकडे ऑफसेटवर छापून चहाच्या पाण्याने जुनी केलेली असतात. घेण्याआधी देवीच्या गालावर लूप ठेवा; लूप नसेल तर मोबाइलचा कॅमेरा पूर्ण मोठा करा. ठिपके ओळीने, सारख्या अंतराने, फुलांच्या चकत्यांसारखे दिसले तर ते आमच्या मशीनचं काम, पैसे परत मागा. ठिपके वेडेवाकडे, कुठे दाट कुठे विरळ, तर दगडाचं. आणि घरी कोणाकडे खरंच जुनं असेल तर ते साफ करायला फ्रेममधून बाहेर काढू नका. वार्निश उकाड्याने काचेला चिकटलेलं असतं. काच उचलली की लक्ष्मीचा चेहरा तिच्याबरोबर सोलून येतो. आधी कागदाचं संवर्धन करणाऱ्या माणसाला दाखवा, आणि तोवर फ्रेम देवघराच्या समईपासून आणि खिडकीच्या उन्हापासून लांब ठेवा.